आमदारांचं आमेन

“पूल पाहिजे ना? मग सगळ्या गावानं एका तोंडानं मागा! एक जण जरी नको म्हणाला, तरी पूल नाही!”

आमदार उपा रोखूमांनी असं जाहीर केलं आणि चहात बिस्किट बुडवलं. सरहद्दीवरच्या त्या डोंगराळ मुलखात प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘उपा’ म्हणतात. रोखूमा उपाही होते आणि आमदारही. त्यामुळे देव आणि सरकार, दोघांच्याही वतीनं बोलायची त्यांना सवय होती.

फुनतलांग गावचे लोक एकमेकांकडे बघू लागले. एका तोंडानं? आणि या गावात?

गावात दोन पक्ष होते. एक रोखूमांचा, दुसरा त्यांचे विरोधक उपा थनसांगा यांचा. दोघे चर्चमध्ये एकाच बाकावर बसत, एकाच गीतपुस्तकातून गात, दारूबंदीवर अगदी सारखंच भाषण ठोकत. मतभेद एवढाच, की आमदार कोणी व्हायचं! रोखूमा म्हणाले, पूल जुन्या खांबांवर बांधू, की थनसांगांना वरच्या वळणाची जागा आवडायची. रोखूमा म्हणाले, बरं, वरच्या वळणावर बांधू, की थनसांगांना जुन्या खांबांबद्दल माया दाटून यायची.

आल्याची शेती करणारी छुआनी गर्दीतून पुढे आली. तिची लेक मापुई नदीपलीकडच्या वाडीत दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं. सुईण राहायची अलीकडे. मधला झुलता पूल गेल्या पावसाळ्यात वाहून गेला होता, आणि पाऊस लागला की बांबूचा तराफाही बंद व्हायचा.

“उपा, पाऊस लागायच्या आत काहीतरी करा हो. नदी काही माझ्या लेकीसाठी थांबायची नाही.”

“मापुईच्या आई, माझी अट ऐकलीत ना?”

“ऐकली. सगळ्या गावानं एका तोंडानं. त्यात तुमचंही तोंड धरायचं का?”

“धरा की! माझं धरा, या थनसांगांचंही धरा!” रोखूमा खुशीत म्हणाले. “उद्याच्या उपासनेपर्यंत मी इथेच आहे. तोवर जमवून दाखवा!”

“माझा विरोध आहे,” थनसांगा म्हणाले.

“कशाला?” छुआनीनं विचारलं.

“ते अजून ठरायचंय!”

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च गच्च भरलं. निवडणूक जवळ आली होती आणि मंडळीचा नियम मोठा कडक होता: चर्चमध्ये प्रचार करायचा नाही. दोन्ही उपांनी तो अगदी काटेकोर पाळला. प्रचाराचा एक शब्द काढला नाही. फक्त प्रार्थना केली.

“हे प्रभू,” रोखूमा डोळे मिटून म्हणाले, “गावाला पाण्याची टाकी कोणाच्या प्रयत्नानं मिळाली, हे तुला ठाऊकच आहे. तरी पुन्हा एकदा सांगतो...”

त्यांनी ते बराच वेळ सांगितलं.

“आमेन!” मंडळी म्हणाली.

“हे प्रभू,” लगेच थनसांगा उभे राहिले, “त्या टाकीत अजून पाणी आलेलं नाही, हेही तुला ठाऊक आहे...”

“आमेन!” मंडळी म्हणाली, जरा जास्तच मनापासून.

पाळकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, “आणखी कोणाला प्रार्थना करायची आहे?”

“मला,” छुआनी म्हणाली.

सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले.

“हे प्रभू, तू आमच्या गावाला दोन थोर माणसं दिलीस. एकाला बोलायची शक्ती दिलीस. दुसऱ्याला त्याच वेळी बोलायची शक्ती दिलीस. तुझे उपकार मानते.”

मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली.

“तू इस्राएली लोकांसाठी समुद्र दुभागलास. आम्ही तेवढं मागत नाही, आमच्या उपांना कमीपणा वाटेल. आम्हाला फक्त पूल दे. जुन्या खांबांवर दे, कारण ते बिचारे अजून उभे आहेत. पाऊस लागायच्या आत दे, म्हणजे सुईण माझ्या मापुईपर्यंत पोचेल. आणि प्रभू, ज्याला हा पूल नको असेल त्याला धैर्य दे! आता सगळे आमेन म्हणतील तेव्हा त्याला खुशाल तोंड मिटून बसता येऊ दे. आम्ही तेवढ्यापुरते डोळे उघडून त्याला बघून घेऊ. येशूच्या नावानं मागते.”

थनसांगांनी हळूच एक डोळा उघडला. शेजारी रोखूमांचाही एक डोळा उघडाच होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मग मतदारांनी भरलेले सगळे बाक पाहिले.

“आमेन!”

चर्चचे पत्रे दणाणले. थनसांगा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणाले होते, आणि रोखूमा त्यांच्यापेक्षाही मोठ्यानं.

बाहेर येताच छुआनीनं आमदारांना गाठलं. “झालं ना, उपा, एका तोंडानं?”

“अहो, थांबा, थांबा!” रोखूमा सावरून म्हणाले. “ती प्रार्थना होती. तुम्ही देवाकडे मागितलंत, माझ्याकडे कुठे मागितलंत?”

“हो, तेही खरंच!” छुआनीनं नम्रपणे मान डोलावली. “मग पुढच्या रविवारी देवाला तसं कळवते. ‘प्रभू, आमचे आमदार आमेन म्हणाले ते मनापासून नव्हतं, तू मनावर घेऊ नकोस.’ डोळे मिटूनच सांगेन हं! प्रचार नको व्हायला.”

“त्या प्रार्थनेला मी आमेन म्हणणार!” थनसांगा मागून ओरडले. “माझा पूर्ण पाठिंबा!”

रोखूमांना असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“हरलो, बाई, हरलो! उद्या उजाडताच लोखंडी तारा आणि माणसं येतील. पूल जुन्या खांबांवरच! आणि सुईणीला उद्याच तराफ्यानं पलीकडे धाडा. बाळ घरात खेळू लागेपर्यंत तिनं तिथेच राहायचं, तिचा सगळा खर्च माझा.”

“देव तुमचं भलं करो, उपा!”

“आणि उद्घाटनाची फीत तुम्हीच कापायची,” रोखूमा घाईघाईनं म्हणाले. “पण मापुईच्या आई, हात जोडतो, त्या दिवशी प्रार्थना मात्र पाळकांना करू द्या!”