बिनधाग्याचा दोर

फार पूर्वी एका गावात दोर वळणारी सात घरं होती. गावाचं नाव विचारू नका. मी सांगितलं, की उद्या तिथली माणसं माझ्याच दारात येऊन म्हणतील, आमची बदनामी केलीस.

गाव माळावरचं. पाणी खोल, साठ-साठ हातांवर. विहीर खणायची तर माणसाला दोराला बांधून रहाटावरून खाली सोडावं लागायचं. दोर तुटला तर माणूस संपला. म्हणून त्या गावात आणि आसपासच्या गावांतही एक रीत होती. अंबाडीचे तीन पेड एकत्र पिळले की दोर व्हायचा, आणि वळणारा त्या दोराच्या पोटात आपल्या घराचा एक रंगीत धागा घालायचा. एकाचा लाल, एकाचा पिवळा, एकाचा निळा, असे सात घरांचे सात रंग. गिऱ्हाईक दोराचं टोक उकलायचं, धागा बघायचं आणि त्या घराचं नाव मोठ्याने घ्यायचं. मगच दोर खांद्यावर टाकायचं. पुढे दोर तुटलाच, तर ज्याचा धागा निघेल त्याने त्या माणसाचं घर जन्मभर सांभाळायचं. त्यामुळे दोर वळताना तिथे कुणी गप्पासुद्धा मारत नसे.

एकदा त्या गावात एक कारभारी आला. पांढराशुभ्र अंगरखा, बोलणं गुळगुळीत. मला अशी माणसं पहिल्यापासून आवडत नाहीत, पण त्या सात घरांना फार आवडला.

"तुम्ही सात जण सात ठिकाणी राबता, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवता," तो म्हणाला. "त्यापेक्षा सगळे मिळून एक मंडळी काढा. प्रत्येकाने नुसते पेड वळायचे. कुणाचेही तीन पेड घेऊन माझी माणसं दोर पिळतील. काम झटपट होईल."

"आणि धागा कुणाचा घालायचा?" लाल धाग्याच्या घरातल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"धागा हवाच कशाला, आजोबा? उद्या दोर तुटला तर त्या धाग्याने लोक तुमच्या दारात येतात. धागाच नसला तर कुठे जातील? मंडळीकडे. आणि मंडळीला हात आहेत, का पाय आहेत, का धरायला मान आहे?"

सातही जण पोट धरून हसले. धागे पेटीत गेले आणि मंडळीच्या मोठ्या फाटकाला तोरण लागलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एकाच्या मनात आलं, दोराचे पेड तीन, त्यात माझा एकच. आतमध्ये मूठभर जुनं गोणपाट पिळलं आणि वरून अंबाडी गुंडाळली, तर काय बिघडणार आहे? बाकीचे दोन पेड धरतीलच की! त्याने ते गुपचूप केलं. पुढच्या महिन्यात शेजाऱ्याच्याही मनात तेच आलं, मग तिसऱ्याच्या, असं करत सातही जणांच्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. कारभाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं असं मात्र समजू नका हं. जुन्या गोणपाटांच्या गाड्या त्याच्याच फाटकातून आत यायच्या. त्या कशाला येतात, एवढं एक विचारायचं तो दर वेळी विसरायचा.

त्याच गावात धोंडू नावाचा विहीर खणणारा राहत होता. त्याची बायको येसू. धोंडू खाली उतरला की येसू आणि तिचा दीर वर रहाट धरायचे. येसूचा स्वभाव भारी संशयी. दूध उतू गेलं तरी तिला वाटायचं, कुणीतरी मुद्दाम जाळ वाढवला. सगळं गाव तिची थट्टा करायचं. पण ज्या बाईचा नवरा रोज दोरावर लोंबकळतो, तिने संशय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा?

धोंडूचा जुना दोर झिजला, तशी येसू नवा आणायला मंडळीच्या दुकानात गेली. सवयीप्रमाणे तिने टोक उकललं. आत धागाच नव्हता.

"नाव कुणाचं घेऊ?" तिने विचारलं.

"मंडळीचं घ्या," दुकानातला माणूस म्हणाला.

"मंडळी राहते कुठे? तिला बायकापोरं आहेत का?"

दुकानात हशा पिकला. येसू हसली नाही. तिने दोर नाकाशी नेला. अंबाडीला वास असतो, तो तिला पाठ होता. या दोराला धान्याच्या कोठीचा वास येत होता. तिच्या मनात पाल चुकचुकली. ती दोर घेऊन एकेका वळणाऱ्याकडे गेली आणि प्रत्येकाला एकच विचारलं, "दादा, हा दोर पक्का आहे ना?"

प्रत्येकाने एकच उत्तर दिलं. "माझा पेड पक्का आहे बाई. बाकीच्यांचं मी कसं सांगू?" आणि उत्तर देताना एकानेही तिच्या डोळ्यांत बघितलं नाही.

शेवटी ती कारभाऱ्याकडे गेली. त्याने मान डोलावली, "तक्रार ध्यानात ठेवतो," म्हणाला आणि एका गड्याला सांगून तिला वाराही घालायला लावला. येसूचं लक्ष मात्र आवारातल्या विहिरीकडे होतं. मंडळीची माणसं तिथे पाणी शेंदत होती, आणि शेंदायच्या दोराच्या टोकातून पिवळा धागा डोकावत होता.

"दुकान भरून नवे दोर आहेत, मग तुम्ही स्वतः जुनाच का वापरता?" तिने विचारलं.

"अहो, चांगला आहे अजून! कशाला टाकायचा?" कारभारी हसून म्हणाला.

येसूने नव्या दोराचा हातभर तुकडा कापला आणि मंडळीच्या फाटकाला गाठ मारून बांधला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. "हा दोर खोटा आहे असं मी आज सांगून जातेय," ती म्हणाली. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" लोक तिला हसले. ती गेल्यावर कारभाऱ्याने तुकडा सोडवून चुलीत घालायला सांगितला.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, या दोराने उतरू नका. नदीपलीकडच्या गावात धाग्याचे दोर अजून मिळतात. दोन दिवसांत आणते मी."

"दोन दिवस!" धोंडू म्हणाला. "अगं, शेजारच्या वाडीतली माणसं ओढ्यातला चिखल गाळून पितायत. त्यांची विहीर अर्धी खणून झालीय, अजून दहा-बारा हात खणलं की पाणी लागेल. मी शब्द दिलाय त्यांना. आणि येसू, तुला तर स्वतःच्या सावलीचाही संशय येतो."

ती भांडली, रडली. तो ऐकेना. सकाळी त्याने दोर कमरेला बांधला आणि उतरायला लागला. येसूने आणि दिराने रहाट हळूहळू सोडला. निम्म्यावर गेल्यावर एकदम रहाट हलका झाला आणि खालून मोठा आवाज आला. येसूच्या हातात तुटका दोर राहिला होता. ती त्या विहिरीच्या काठावर अशी ओरडली, की वाडी सगळी गोळा झाली.

धोंडू जगला, पण त्याचे दोन्ही पाय कायमचे गेले. पंधरा विहिरींना पाणी लावलेला माणूस घरातल्या घरात सरकत हिंडू लागला. येसू स्वतःवरच चिडायची. मी रहाटच धरायला नको होता, म्हणायची. मग एक दिवस तिने डोळे पुसले, दोराचे दोन्ही तुकडे उचलले आणि न्यायाधीशांपुढे जाऊन उभी राहिली.

न्यायाधीशांनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं. कारभारी पुढे झाला. "महाराज, या बाईने रहाट सैल सोडला असेल. आणि दोर आमचाच कशावरून? या गावच्या दोरात धागा असतो, हे लहान पोरही सांगेल. यात धागा दाखवा बघू."

चावडीवर कुजबूज झाली. येसू म्हणाली, "महाराज, हे खरं बोलतायत. यात धागा नाहीच. आता आसपासच्या सगळ्या गावांतले दोर मागवा आणि बघा, कुणाकुणाच्या दोरात धागा नाही."

न्यायाधीशांनी पाच गावांतले दोर मागवले. एकेकाचं टोक उकललं. कुठे हिरवा, कुठे जांभळा, प्रत्येकात धागा निघाला. धागा नव्हता तो फक्त मंडळीच्या दुकानातल्या दोरांत. कारभाऱ्याचा चेहरा उतरला, पण जीभ थांबली नाही.

"असेल मंडळीचा दोर," तो म्हणाला. "पण मंडळी म्हणजे कोण, महाराज? तिला ना हात, ना पाय. शिक्षा करणार कुणाला?"

"बरोबर आहे," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. "मंडळीला हातपाय नाहीत. तुम्हाला आहेत. वाडीची विहीर अर्धी राहिली आहे. मंडळीच्या कोठारातला नवा कोरा दोर आणा, कारभाऱ्यांच्या कमरेला बांधा आणि सोडा खाली. तळाला हात लावून परत यायचं, एवढंच काम."

कारभाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "महाराज, त्या दोराने नको," तो हात जोडून म्हणाला. "आवारातल्या पिवळ्या धाग्याच्या दोराने उतरतो मी. वाटेल तितक्या वेळा उतरतो."

कारभाऱ्याला ठाऊक होतं, हे त्याच्याच तोंडून आता सगळ्यांनी ऐकलं होतं.

मग न्यायाधीशांनी तुटक्या दोराचा पीळ सोडवला आणि तीन पेड वेगळे करून सातही वळणाऱ्यांपुढे ठेवले. "आपल्या हातचा पीळ ज्याला त्याला ओळखता येतो," ते म्हणाले. "ज्याचा पेड आतून पक्का निघेल, त्याने उचलून दाखवावा. त्याला मी आत्ता घरी सोडतो."

सातही जण वाकले, पण पेड कुणीच उचलला नाही. न्यायाधीशांनी पहिला पेड चिरला, आत गोणपाट. दुसरा चिरला, गोणपाट. तिसऱ्याकडे सगळे जीव मुठीत धरून बघत होते. त्यातूनही भुसभुशीत गोणपाटच बाहेर पडलं. लाल धाग्याच्या घरातला म्हातारा जमिनीवर बसला आणि हुंदके देऊ लागला. "धोंडू, मला वाटलं रे, बाकीचे दोन तरी धरतील तुला," तो म्हणाला. उरलेल्या सहांनी माना खाली घातल्या, कारण प्रत्येकाला तेच वाटलं होतं.

न्यायाधीशांनी निकाल दिला. "मंडळीला मान नाही, पण तुम्हा सातांना आहे. आठवड्याचे वार सात, तुमची घरंही सात. रोज एका घराने धोंडूच्या घरचं दाणापाणी बघायचं, आणि तो जिवंत आहे तोवर बघायचं. मंडळीचे दोर ज्या ज्या विहिरीवर गेलेत तिथून परत आणून जाळायचे आणि बदली पक्के दोर द्यायचे. कारभाऱ्यांनी वाडीला पाणी लागेपर्यंत स्वतः विहीर खणायची."

कारभाऱ्याचा पांढरा अंगरखा त्या विहिरीत मातीच्या रंगाचा झाला. पाणी लागलं आणि वाडी ते प्यायली. मंडळी मोडली नाही, पण तिच्या दोरात पुन्हा धागे आले, प्रत्येक पेडात तो वळणाऱ्याच्या घराचा एक. धोंडूचे पाय काही परत आले नाहीत. न्यायाधीशांनाही ते देता आले नाहीत.

सोमवार लाल धाग्याच्या घराचा असायचा. तो म्हातारा स्वतः भाकरी घेऊन यायचा आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहायचा. एकदा तो येसूला म्हणाला, "पोरी, आता तरी विश्वास ठेवशील ना आमच्यावर?"

"ठेवीन की, आजोबा," येसू म्हणाली. तिने त्याच्या हातातली भाकरी घेतली, मोडून आत बघितलं आणि मग धोंडूच्या ताटात वाढली.

तात्पर्य सांगतो, कान देऊन ऐका: दहा जणांनी मिळून केलेल्या कामाचा दोष दहांत वाटून कमी होत नाही. मंडळीच्या नावाआड लपलं, तरी जाब प्रत्येकालाच द्यावा लागतो.