राणीच्या केसांतलं मीठ

एका राज्यात रिवाज होता, की गादीवर बसणाऱ्याने रडायचं नाही. राज्याभिषेकालाच त्याची आसवं ज्वालाक्ष मांत्रिकाच्या चांदीच्या कलशात बंद होत आणि कलश खजिन्यात जाई. राजा लढाईत पडला, तेव्हा राणी चारुमती तिसऱ्या दिवशी गादीवर बसली. वर्षभर तिने न्यायनिवाडे केले, पूल बांधले, फितुरांना पकडलं, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. फार दमली होती बिचारी.

आणि एके सकाळी न्हाऊन उठते तो केस पांढरेशुभ्र! वय अवघं सव्वीस.

राजवैद्य म्हणाले, "पित्त." ज्योतिषी म्हणाले, "शनी." प्रधान भद्रसेन म्हणाले, "म्हातारपण. केस पिकले की अमावास्येपूर्वी वनात जावं, असा नियम आहे. युवराज इथेच राहतील."

युवराज शार्दूल तीन वर्षांचा होता. त्याला सोडून जायचं, या विचाराने राणीने त्याला उचलून घट्ट कवटाळलं.

महालातल्या म्हाताऱ्या साळुंकीने तिच्या बटेला चोच लावली. "खारट आहे," ती म्हणाली. "बाईसाहेब, न ढाळलेल्या आसवांचं मीठ डोक्यात चढलंय. मगरीच्या जबड्यातली किल्ली आणा. अग्निपक्ष्याच्या घरट्यातला निखारा आणा. मग कलश उघडा आणि रडा."

राणीने मगरीच्या जबड्यात हात घातला. भ्यायलाही अंगात त्राण लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं. मगरच ओशाळली आणि किल्ली देऊन मोकळी झाली. निखारा तिने पदरात बांधून आणला. पदर जळाला नाही. भर दरबारात निखाऱ्याने कलशावरची लाख वितळवली, किल्लीने झाकण उघडलं.

पण रडू काही येईना! प्रधानांनी खाकरून वनात न्यायची पालखी मागवली.

एवढ्यात शार्दूल धावत आला आणि त्याने रोजचाच प्रश्न विचारला, "आईसाहेब, आबासाहेब शिकारीहून कधी येणार?"

वर्षभर ती त्याला "उद्या" म्हणत आली होती. आज मात्र तो शब्द तोंडातून निघेना.

"ते येणार नाहीत रे बाळा," ती म्हणाली, आणि गादीच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली.

केसांतून मीठ झरलं, पायरीवर ढीग झाला, केस पुन्हा काळेभोर झाले. कलश तडकला, त्यासरशी साऱ्या दरबाराला रडू फुटलं. प्रधानांनी उपरण्याने डोळे पुसले आणि पालखी परत पाठवली. रिवाज तिथेच मोडला. मुदपाकातल्या बायकांनी ते मीठ सुपात भरून नेलं. चांगलं मीठ वाया का घालवावं?

त्या दुपारी राणी लेकाला कुशीत घेऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत, आणि तिला कुणी उठवलं नाही.