आभाळ कोणी धरायचं?

“आम्ही पाय खाली घेतले, तर आभाळ काय तुझा बाप धरणार?” दगडूतात्या टिटवा तरुण शेवंतीवर खेकसला.

नद्यांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाचं हे भांडण. टिटव्यांच्या जातीत तेव्हा एकच काम होतं: दुपारी उताणं पडून पाय वर करायचे आणि आभाळ पेलायचं. तेवढ्यात मुंगूस येऊन काठावरची अंडी फस्त करी. कालच शेवंतीच्या बहिणीची तीन गेली होती. शेवंतीला पहारेकरी व्हायचं होतं.

“तात्या, मी तीन दुपारी उभी राहून पाहिलं. आभाळ बोटभरही खाली आलं नाही.”

“येईल कसं? आम्ही धरलं होतं ना.”

शेवंतीची चोच शिवशिवली, पण तिनं ती आवरली. म्हाताऱ्याच्या बोलण्यात तथ्य होतं. तिची परीक्षाच अर्धी राहिली होती. शिवाय नुसतं खरं असून भागत नाही, ते समोरच्याच्या गळी उतरावं लागतं.

“तात्या, सगळ्यांचेच पाय लागतात का हो?”

“छे. हे सगळे नावाला. खरा भार माझ्यावर,” तात्या फुगून म्हणाला.

शेवंतीनं अदबीनं मान लववली.

“मग उद्या दुपारी तुम्ही एकट्यानंच धरा तात्या, आम्ही बाकीचे तेवढा वेळ अंडी राखतो.”