पालथी वाटी

एका घाटमाथ्यावर एक खाणावळ होती. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. देशावरून येणारे आणि खाली कोकणात उतरणारे तिथं बैल सोडत, हातपाय धूत आणि भाकरी, आमटी, ठेचा असं साधंच पण गरम जेवण जेवत.

त्या खाणावळीची एक रीत होती. जेवण झालं की आमटीची वाटी ताटातच पालथी घालून उठायचं. जेवणाचे पैसे खाणावळवाल्याकडे द्यायचे; वाढणाऱ्या बाईला वेगळं काही द्यायचं असेल तर ते त्या वाटीखाली ठेवायचं. वाटी मात्र सगळ्यांनीच पालथी घालायची, देणाऱ्यानंही आणि न देणाऱ्यानंही. कुणाची लाज जाऊ नये म्हणून कुणा भल्या माणसानं ती रीत पाडली होती. तिच्या आडोशाला कवडीचुंबकही आरामात बसत, ते सोडा.

तिथं एक बांगडीवाला दर पंधरवड्याला यायचा. खालच्या बाजाराला जाताना दुपारचं जेवण त्याचं तिथंच. माणूस चांगला, बोलायला गोड, पण एकटा. त्याची आई नुकतीच गेली होती. पहिल्यांदा आला तेव्हा जेवण संपलं तरी तो रिकाम्या ताटात बोट फिरवत बसून राहिला. वाढणाऱ्या बाईनं ते पाहिलं. काही न विचारता आत गेली आणि गुळाचा एक खडा आणून तिनं त्याच्या ताटाच्या कडेला ठेवला.

बांगडीवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याची आई अगदी असंच करायची. जेवण झालं की गुळाचा खडा, ताटाच्या कडेला.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? पोटभर जेवलास, पण तोंड तसंच सुकलेलं," बाई म्हणाली.

त्याचा हात कनवटीला गेला. पण मग त्याला वाटलं, आईच्या हातचं खाऊन कुणी पैसे ठेवतं का? हात तसाच मागे आला. वर त्यानं तिला ते बोलूनही दाखवलं. "मावशी, तुम्हाला पैसे देऊन मी परकं करणार नाही हं!"

बाई हसली. "बरं बाबा," म्हणाली, आणि त्याची वाटी उचलून घेऊन गेली.

त्या दिवसापासून हे असंच चाललं. देशाकडची चढण चढताना त्याला भूक लागायची ती भाकरीची नव्हे, त्या खड्याची. पायांत गोळे यायचे, खांद्यावरचं बांगड्यांचं ओझं रुतायचं, पण मावशी वाट बघत असेल या विचारानं तो चालायचा. ती खरंच जागा धरून ठेवायची. शिळी भाकरी त्याला कधी वाढली नाही. आणि तो खुशाल जेवून, ढेकर देऊन, रिकामी वाटी छान पालथी घालून उठायचा.

मावशीला रिकामा वेळ मिळाला की ती ओट्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची. तिथून कोकणात उतरणारी वाट दिसे, आणि आभाळ स्वच्छ असलं तर पार लांब समुद्राची एक रेघ.

"काय बघता मावशी?" त्यानं एकदा विचारलं.

"माझी लेक तिकडं दिलीया. दिवस गेलेत तिला, पहिलटकरीण हाय. माहेरी आणावी तर माझं घर कुठाय? मी झोपते ह्या माळ्यावर. म्हणून मीच जावं म्हणते. गाडीचं भाडं जमलं की जाईन."

"जाल हो मावशी, नक्की जाल," बांगडीवाला मनापासून म्हणाला, आणि त्यानं वाटी पालथी घातली.

तुम्ही म्हणाल, इतकं कसं कळत नाही माणसाला? नाही कळत. आपलं पोट भरलं की समोरच्याचंही भरलंय असं वाटतं. खाणावळवाला तिला पगार देत असेल, एवढं धरून तो घाट उतरला.

दिवस भरले. लेक बाळंत झाली. खालून येणाऱ्या एका गाडीवानानं निरोप आणला की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मावशीनं खाणावळीत सगळ्यांना साखर वाटली आणि मग ओट्याच्या टोकाला जाऊन पुष्कळ वेळ उभी राहिली.

पुढच्या खेपेला बांगडीवाला जेवायला बसण्याआधीच ती त्याच्यापाशी आली. "तुझ्याकडच्या सगळ्यात लहान बांगड्या दाखव. तान्ह्या पोराच्या. काळ्या."

त्यानं पोतडी सोडली आणि बोटभर घेराच्या काळ्या बांगड्यांची जोडी काढून तिच्या हातावर ठेवली. मावशीनं पदराची गाठ सोडून दोन नाणी पुढे केली.

"छे! तुमच्याकडून कसले पैसे घेऊ मावशी?"

"घे लेका. तू उन्हातान्हात चढण चढून आणलंयस. माया हाय म्हणून फुकट कसं घेऊ?"

ती सहज बोलून चुलीकडे वळली. तिच्या मनात टोमणा नव्हता, पण बांगडीवाल्याच्या काळजात तो बसला. त्यानं हातातली नाणी पाहिली. ती पिवळी पडली होती. हुंगून पाहिली, तर हळदीचा आणि आमटीचा वास.

तो उठून खाणावळवाल्याकडे गेला. "मावशीला पगार किती देता?"

"पगार? दोन वेळचं जेवण आणि माळ्यावर जागा. बाकी तिचं जे काही, ते वाटीखालचं."

"आणि माझ्या वाटीखालचं?"

खाणावळवाल्यानं खांदे उडवले. "आता ते मी कसं सांगू? वाटी तुमची."

त्या दिवशी तो न जेवताच उठला. लाज तर वाटलीच, पण लाजेपेक्षा वाईट असं आणखी काही होतं. भाडं जमलं की मावशी जाणार, हे आता त्याला पक्कं कळत होतं. मग हा घाट, ही खाणावळ आणि ताटाची ती कडा, सगळंच रिकामं. आई एकदा गेली होती. आता दुसऱ्यांदा आपल्याच हातानं तिला पाठवायची?

पंधरा दिवस तो याच विचारात बाजार हिंडला. मग परत आला, जेवला, गुळाचा खडा जिभेवर विरघळेपर्यंत डोळे मिटून बसला आणि कनवटीची अख्खी थैली त्यानं वाटीखाली सरकवली. थैली मोठी, वाटी लहान. वाटी एका बाजूनं उचललेलीच राहिली. तिकडे न बघता तो दाराकडे निघाला.

"लेका!" मागून हाक आली. मावशीच्या हातात थैली होती. "आज परकी केलीस व्हय मला?"

"नाही मावशी. परकी इतके दिवस ठेवली होती." त्यानं थैली तिच्या मुठीत घट्ट दाबली. "उद्याची गाडी धरा. आणि मावशी, तुमचं नाव काय हो? मी कधी विचारलंच नाही."

"द्वारका," ती म्हणाली, आणि पदरानं तिनं डोळे पुसले.

पुढच्या खेपेला ओट्याच्या टोकाला कुणी नव्हतं. वाढायला एक उंच, अबोल गडी होता. भाकरी गरम होती, आमटीही बरी होती. बांगडीवाला जेवला आणि जेवण संपल्यावर जुन्या सवयीनं रिकाम्या ताटात बोट फिरवत बसला. त्याला मावशीची इतकी आठवण आली की समोरचं ताट दिसेना.

तेवढ्यात ताटाच्या कडेला टक् असा आवाज झाला. गुळाचा खडा.

"बाई सांगून गेल्यात," गडी ओशाळून म्हणाला. "खांद्यावर बांगड्या असलेला माणूस येईल, त्याला शेवटी हे द्यायचं. विसरू नको म्हणाल्या."

बांगडीवाल्यानं तो खडा तोंडात टाकला. तो आईच्या हातचा नव्हता, मावशीच्याही नव्हता, तरी तितकाच गोड होता. 

"तुमचं नाव काय, दादा?" त्यानं विचारलं. गड्यानं नाव सांगितलं.

मग त्यानं एक नाणं ठेवलं, त्यावर वाटी पालथी घातली आणि ओट्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. आभाळ स्वच्छ होतं. लांब समुद्राची रेघ दिसत होती.

तात्पर्य एवढंच: ज्यानं मायेनं वाढलं त्याला नुसत्या मायेवर ठेवू नये, आणि जे द्यायचं ते ताट पुढ्यात आहे तोवरच द्यावं.