लख्ख धुतलेला गोठा

"रक्तात काडीचाही दोष नाही, चाचा. मग ही खात का नाही?"

प्राणिबागेच्या डॉक्टर अन्विता रेगे यांनी हातातले कागद पुढे केले. लोह, साखर, फॉस्फरस, क्षार… सगळे आकडे हवे तिथे.

उस्मानचाचांनी कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही.

चौतीस वर्षं या बागेतले गेंडे त्यांनीच सांभाळले होते. निवृत्त झाल्यावरही रोज चक्कर मारायचे. नव्या डॉक्टरबाईंनी आल्या आल्या फर्मान काढलं, बाहेरच्या माणसांनी जंतू घेऊन आत यायचं नाही. झालं, चाचा घरी बसले. आज त्याच बाई स्कूटर काढून त्यांना आणायला गेल्या होत्या. केवढी शिकलेली बाई, केवढा तो तोरा, आणि आज चेहरा असा उतरलेला की बघवत नव्हतं.

कोपऱ्यात ठुमकी पडून होती. चार महिन्यांची गेंडी. आई व्याल्यावर महिन्याभरातच गेली. बाटलीच्या दुधावर पोर इथवर आली, आता नुसतं दूध पुरेना. गवताच्या चार काड्या खायची, त्या न जिरता तशाच्या तशा लिदीतून बाहेर पडायच्या. तीन आठवड्यांत पाठीचा कणा वर आला होता.

"किती वेळा रक्त काढलंत?"

"नऊ वेळा. कानाच्या शिरेतून."

"बिचारी…"

चाचा उकिडवे बसले आणि त्यांनी जमीन हुंगली. फिनेलचा वास नाकात गेला तसं तोंड वाकडं केलं.

"इथला ढीग कुठे गेला?"

"कसला ढीग?"

"लिदीचा. हिच्या आईचा."

गेंडा वाटेल तिथे लीद टाकत नाही. एक जागा धरतो आणि रोज तिथेच जातो. चाचांनी असा ढीग कधी पुरता उपसू दिला नव्हता. वरचं काढायचं, तळचं ठेवायचं, ही त्यांची रीत.

"तो मी इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात उचलायला लावला. दोन ट्रॉल्या निघाल्या! आता दिवसातून दोनदा गोठा धुतात. बघा ना, कसा लख्ख आहे."

चाचा त्या लख्ख जमिनीवरून हात फिरवत राहिले.

"चाचा?"

"हिची आई लहानपणी काय खायची, ठाऊक आहे?"

"दूध. मग गवत."

"आणि त्याच्या मधे?"

बाईंच्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी हळूहळू गेली.

"अगं बाई!" त्यांनी कपाळावर हात मारला. "शिंगरं… घोड्याची शिंगरं आईची लीद खातात. गवत जिरवणारे जंतू त्यातूनच पोटात जातात. आणि गेंडा घोड्याच्याच कुळातला. हे मी परीक्षेत लिहिलंय, चाचा! पैकीच्या पैकी मिळाले होते. आणि मीच इथे फिनेल ओतत बसले. मीच उपाशी ठेवलं हिला!"

त्यांना रडू आवरेना. चाचांनी रडू दिलं.

मग उठले, घमेलं घेतलं आणि पलीकडच्या आवारात गेले. तिथे गोदा नावाची थोराड, धडधाकट गेंडी होती. तिची ऊन ऊन लीद घेऊन परत आले.

"घ्या. द्या तिला."

"थांबा!" बाईंनी डोळे पुसले. "आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघते. जंतांची अंडी निघाली तर भलताच घोटाळा व्हायचा."

"बघा की. मी बसतो."

तासाभराने बाई धावतच आल्या.

"एकही अंडं नाही!"

त्यांनी ओंजळभर लीद ठुमकीच्या तोंडाशी धरली. तिने हुंगली. मान फिरवली…

पुन्हा हुंगली. वरचा ओठ वळवळला.

"खाल्ली! चाचा, खाल्ली हो!"

मग रोज सकाळी हेच. बाराव्या दिवशी ठुमकी आपणहून उठली, गवताची पेंढी ओढली आणि कराकरा चावत राहिली. त्या दिवसापासून खाल्लेलं अंगी लागायला लागलं. वजनाचा काटा पुढे सरकला तेव्हा बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी वजन तीनदा केलं.

त्याच दुपारी त्या चाचांच्या पाया पडायला वाकल्या.

"मला तुमच्या हाताखाली घ्या, चाचा. मला काहीच येत नाही."

चाचांनी पाय मागे घेतले. ठुमकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले,

"डॉक्टरबाई, असं एक पिल्लू मी घालवलंय. नवीनच नोकरीला लागलो होतो. त्यालाही आई नव्हती. म्हटलं, जरा अंग धरू दे. म्हशीचं घट्ट, साईचं दूध पाजलं. जीव ओतून पाजलं हो… सहाव्या दिवशी गेलं. तुम्ही हिला कसलं देता?"

"साय पुरती काढलेलं. गेंडीच्या दुधात साय जवळजवळ नसतेच. पाण्यासारखं पातळ असतं ते, आणि गोड. साईचं दूध त्या पोटाला पेलत नाही."

चाचा तिथेच भुईवर, बाईंच्या समोर मांडी घालून बसले.

"हे पुन्हा सांगा, बाई. सावकाश सांगा."