लावऱ्या सोलायचा दगड

खरं सांगितलं की कुणी मानत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. मागल्या उन्हाळ्यात शहरातली माणसं आली होती. त्यांना बजावलं, हा सपाट दगड देवाचा नाही, पाखरं सोलायचा आहे, यावर रक्त आणि आतडी पडतात. ती हसली आणि वर हळदकुंकू वाहून, नारळ फोडून गेली. तुम्ही तरी पायातलं काढू नका. वास आला तर नाकाला रुमाल लावा आणि नीट ऐका.

आमच्या या माळावर पूर्वी लावऱ्या मोप होत्या. मुठीएवढं पाखरू. ज्वारीच्या बुडाशी दबून बसतं, पायाखाली येईस्तोवर उडत नाही. इथं एक इनामदार होता म्हणे. त्याला लावरी लागायची ती आतड्यासकट. नुसती पिसं उपटायची, चिरायची नाही, पोटातल्या कच्च्या दाण्यासकट तेलात सोडायची. घाणही त्यातच. खाताना त्याच्या कोपरापर्यंत ओघळ यायचे, असं सांगतात. पण मोठ्याच्या जिभेला जे रुचतं ते भोवतालच्यांना अमृत लागतं.

त्याच्या घरी रांधायला ठकूबाई होती. तिचा नवरा फासेवाला. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास लावून तो लावऱ्या धरायचा आणि ती याच दगडावर पिसं काढायची. एकदा इनामदाराने लेकीच्या सासरच्यांना जेवायला बोलावलं आणि हुकूम सोडला, उद्या दुपारच्या आत तीनशे लावऱ्या पाहिजेत. फासाने दिवसाला तीस मिळाल्या तरी नशीब. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच नवऱ्याने तीन पोती आणून इथं ओतली.

ठकूबाईने पाखरू हातात घेतलं आणि थबकली. फासात अडकलेल्या पायावर केसाचा काच उठतोच. इथं एकाही पायावर काच नव्हता आणि पाय मात्र काटकीसारखे ताठ. मनाई असून तिने एकीच्या गळ्यातली दाण्याची पिशवी चिरली. ज्वारीत कुचल्याचा कीस निघाला. कुचला म्हणजे रानातली विषारी बी.

"अहो, हे काय आणलंत?"

"पाखरं आणलीत. तू पिसं काढ."

ती तशीच इनामदाराच्या आईकडे धावली. "आईसाहेब, ही पुरून टाका. माणसं मरतील."

म्हातारी म्हणाली, "आत्ता पुरायची आणि पाहुणे गेले की उकरून घरी न्यायची, होय गं?"

सगळे हसले. नवरा तिथंच होता, तोही हसला. ठकूबाईने कढईला हात लावला नाही, म्हणून तिला ढकलून दुसऱ्या बाईला बसवलं.

सात माणसं गेली म्हणे. धनुष्यासारखी मागं वाकली, दात करकरा वाजले आणि गेली. इनामदार ओकून ओकून वाचला.

दुसऱ्या दिवशी याच दगडापाशी पंच बसले. निवाडा सोपा झाला. विष आधी कुणाला ठाऊक होतं? ठकूला. मग घातलं तिनेच. शिक्षा, समोरच्या त्या कड्यावरून लोटायचं.

ठकूबाईने न तळलेल्या लावऱ्यांचं पोतं ओढत आणलं. एका दिवसात त्या फुगल्या होत्या, निळ्या माशा घोंगावत होत्या. तिने एकामागून एक दहा पिशव्या चिरल्या आणि दाणे या दगडावर पसरले. पंचांनी नाकं दाबली, पण कुचला बघितला.

"कुणी चारलं हे?"

"पाखरं आणली त्यांनी."

"नाव घे. नाव घेतल्याशिवाय फिर्याद धरत नाहीत."

आता बाईने नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं त्या काळी मानायचे. मेली तरी घेत नसत. नवऱ्याला ते पक्कं ठाऊक. तो हाताची घडी घालून उभा राहिला आणि म्हणाला, "घे की. घे."

मागून एक बाई कुजबुजली, "ठकू, उखाण्यात तरी घे गं!"

ठकूबाईने हात लुगड्याला पुसले. उखाणा नाही, अहो-जाहो नाही, तीन वेळा उघडं नाव घेतलं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. कड्यावरून मग तो गेला, असं सांगतात.

आजही आमच्या गावात पाखरू चुलीवर चढण्याआधी या दगडावर येतं. लावऱ्या मारायला आता बंदी आहे, म्हणून घरची कोंबडी. घरची बाई पिशवी चिरते, दाणे बोटाने पसरून चार माणसांना दाखवते, मग ते नाव घेऊन थुंकते. काही शहाणे म्हणतात, दोष इनामदाराचाच. त्याची जीभ गलिच्छ होती, मी कुठं नाही म्हणते? पण दाण्याला विष लावलं दुसऱ्याने, आणि बायको कड्याकडे निघाली तरी हाताची घडी घालून उभा राहिला तोही दुसराच. सटवाजी.