पूजेत बसलेले रुपये

एकदा एका गृहस्थाला महागाईची अशी धास्ती बसली की बाजारातून भरलेली पिशवी आणली तरी त्याला ती हलकीच वाटे. तेलाचा डबा, घरभाडे, विजेचे बिल, सगळे दरवर्षी पुढे पळत होते आणि बँकेतली ठेव धापा टाकत मागून येत होती. गृहस्थ जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढत असे. माणूस नेटका आणि सावध. त्याने कोणाकडून तरी ऐकले की जुनी चांदी घेऊन ठेवली म्हणजे पैसा विरघळत नाही, आणि तो गावातल्या एका वृद्ध सराफाकडे गेला. सराफांनी पेढी मुलाच्या हाती देऊन दहा वर्षे झाली होती. लोक त्यांना तात्या म्हणत, आणि त्यांच्याकडे दागिन्यांपेक्षा अडचणीच अधिक घेऊन येत.

तात्यांनी त्याला शिष्य करून घेतले. दर रविवारी सकाळी त्यांनी त्याला चांदीचा जुना रुपया ओळखायला शिकवले. कडेच्या रेघा कशा पाहाव्यात, दगडावर टाकल्यावर नाद कसा उठतो, ताजव्यात किती भरायला हवा.

"नाकडोळे शाबूत असलेला कोरा रुपया हौशी लोकांना सोड," तात्या म्हणाले. "त्यात तू चेहऱ्याचे पैसे मोजशील. तुला चांदी हवी आहे ना? मग झिजलेला घे आणि वजनावर घे. अडीअडचणीला बाहेर काढता येईल."

शिष्याने पहिला भाग मनापासून पाळला. सात वर्षांत त्याने एकशे सतरा रुपये जमवले. बहुतेक राणीछाप, हजारो हातांतून फिरून राणीचा चेहरा पुसट झालेले. चांदीचा भाव या काळात चांगलाच वाढला, म्हणजे निर्णय योग्यच होता. पण धास्ती काही गेली नाही. पूर्वी त्याला तेलाच्या भावाची काळजी होती, आता चांदीच्या भावाचीही लागली. जेवताना, कचेरीत नकाशा काढताना, देवळात रांगेत उभा असताना तो मोबाइलवर भाव पाही. उतरला की पुन्हा पुन्हा उघडून पाही, आणि चढला की आपण आणखी का घेतली नाही म्हणून स्वतःचाच जीव खाई. चढउतार दोन्हींचे दुःख करून घेणारी माणसे असतात, त्यांतला तो एक.

त्यात त्याने आपल्याकडची एक रीत पाळली. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो डबा उघडी, सगळे रुपये दुधाने धुई, चौरंगावर मांडी आणि प्रत्येकावर हळदकुंकू वाही. आपल्या घरांत पूजेतला रुपया मोडत नाहीत, हे तर ठाऊकच आहे. एखादा रुपया पूजेला ठेवतात आणि बाकीचे व्यवहारात ठेवतात. या सावध माणसाने एकूण एक रुपया पूजेत बसवला.

त्याची मुलगी केतकी सात वर्षांची होती. श्रावणात शाळेतल्या बाईंनी सांगितले की ती मागून हाक मारली तर वळत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "दोन्ही कानांना मशीन लावावं लागेल. लवकर लावा. या वयात जे शब्द कानावर पडत नाहीत, ते जिभेवरही येत नाहीत."

मशीन महाग होते. बायको म्हणाली, "रुपये आहेत की डब्यात."

"ते पूजेतले आहेत."

"मग लक्ष्मीलाच विचारा, मुलीच्या कानाला दिलेलं चालेल का म्हणून."

तो चिडला, जेवण अर्धे टाकून उठला. पूजेचे कारण खोटे नव्हते, पण पुरे खरेही नव्हते. संक्रांतीनंतर भाव आणखी चढणार असे सगळे म्हणत होते. थोडे थांबले तर कमी रुपयांत काम भागले असते. श्रावणातून दिवाळी आली, दिवाळीतून मार्गशीर्ष आला. केतकी 'शाळा'ला 'साळा' म्हणू लागली आणि वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागली, कारण पुढे बसले की बाई प्रश्न विचारत.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी तो तिला घेऊन तात्यांकडे गेला. तात्यांनी तिला मागून नावाने हाक मारली. एकदा, दोनदा. ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. तात्यांनी शिष्याकडे पाहिले आणि त्याने सगळे सांगितले, भावाचेही सांगितले.

तात्या उठले, आत देवघरात गेले आणि चांदीच्या वाटीतला एक रुपया घेऊन आले. त्यावर हळदकुंकवाचा थर साचला होता. तात्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, लग्न होऊन आल्यापासून त्याची पूजा केली होती. तात्यांनी तो नळाखाली चोळून धुतला, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल."

सराफकट्ट्यावर ते मुलाच्या पेढीवर गेले नाहीत. समोरच्या दुकानात त्यांनी रुपया मोडला. मिळालेल्या पैशांतून स्वयंपाकघरातल्या गळक्या नळासाठी एक तोटी घेतली आणि उरलेल्याचे शेंगदाण्याचे तेल घेतले. शिष्य तर गोंधळूनच गेला.

"तात्या, पैशांची अडचण होती तर मला सांगायचं. काकूंचा पूजेतला रुपया, आणि तोटीसाठी?"

"अडचण नव्हती. पाकीट भरलेलं आहे," तात्या म्हणाले. "आणि तुझ्या काकूला विचारूनच आणलाय. तुला फक्त दाखवायचं होतं की मोडला तरी घरावर वीज पडत नाही."

मग ते दुकानाच्या पायरीवर बसले. केतकी तेलाची पिशवी धरून शेजारी उभी होती.

"चांदी घ्यायला मीच तुला शिकवलं, आणि त्यात चूक काही नाही. पण महागाई म्हणजे काय रे? जे आज घेता येतं ते उद्या तेवढ्याच मोलाला मिळत नाही, एवढंच ना? मग तुझ्या घरात सगळ्यांत वेगानं काय महाग होतंय, ते तू पाहिलंच नाहीस. तेल नाही, भाडं नाही. या पोरीचं ऐकणं. श्रावणात ते एका मशीनच्या मोलाला मिळत होतं. आज तेवढ्याला मिळणार नाही, कारण मधले चार महिने तिच्या कानावर पडलेच नाहीत. आणखी दोन वर्षांनी सगळा डबा ओतलास तरी पुरणार नाही. चांदी इतक्या वेगानं कधी चढलेली मी तरी पाहिली नाही. ज्या दिवसासाठी तू साठवत होतास, तो दिवस येऊन चार महिने झाले, आणि तू अजून त्याची वाट बघतोयस."

शिष्य मान खाली घालून बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

दुसऱ्याच दिवशी त्याने निम्मे रुपये मोडले. पुढच्याच आठवड्यात भाव चढला. खोटे कशाला सांगू, त्याला चुटपुट लागली. तसे त्याने तात्यांना सांगितलेही. तात्या हसले आणि म्हणाले, "लागणारच. लागू दे."

मशीन लावले त्या दिवशी दवाखान्यात केतकी खुर्चीवर अंग चोरून बसली होती. डॉक्टरांनी कळ फिरवली. तिने दचकून आधी दाराकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग वर. बराच वेळ ती वरच पाहत होती.

"बाबा," तिने विचारले, "पंखा रोजच आवाज करतो का?"

"हो," तो म्हणाला. "रोजच करतो."